जाड तेल घालून जऊळक्याला

परत येऊन आठवडा झाला, तरी कॉलनीतल्या बायकांचं विचारणं थांबत नाही. "वाशिम जिल्ह्यात? तिथं काय आहे हो बघायला?" पहिल्या दोघींना मी नीट उत्तर दिलं. म्हटलं, तूर आहे, छातीपर्यंत आलेली, पिवळ्या फुलांनी लगडलेली. हरभरा आहे. डिसेंबरातलं कोवळं ऊन आहे. तिसरीला मात्र म्हटलं, "बाई गं, मी बघायला गेलेच नव्हते. गाडी पोचवायला गेले होते." मग पोचली का, हे तिनं विचारायच्या आत कुकरची शिट्टी झाली आणि मी सुटले. इथं मात्र सगळं लिहून टाकते. तोंडी सांगताना मी गोष्टी गुळगुळीत करून सांगते. ही माझी जुनी खोड आहे, आणि या प्रवासातला सगळा घोळ त्या खोडीमुळेच झाला.

आमची गाडी सव्वीस वर्षांची. पांढरी, छोटी, पेट्रोलवर चालणारी. मोहन म्हणजे माझे यजमान. लिहिताना नाव घेते, हाक मात्र जन्मभर "अहो"च मारली. मोहननं आयुष्यभर एका आर्किटेक्टकडे बसून घरांचे नकाशे काढले, हातानं, केसाएवढ्या रेघेचे. डोळा आणि हात हीच त्यांची ऐट. गेल्या वर्षी शर्ट धुवायला टाकताना खिशात डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद सापडला. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजवा सांभाळा, गाडी चालवू नका. मी तो कागद घडी करून परत खिशात ठेवला आणि शर्ट न धुताच खुंटीला लावला. त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मग मला कळलंय हे मी तरी कशी सांगू? नकाशे काढणाऱ्या माणसाला "तुम्हाला दिसत नाही" असं म्हणायची माझी छाती झाली नाही, एवढंच खरं.

ते गाडी चालवत राहिले. डावी बाजू फाटकाला घासून आली की मीच म्हणायची, "कॉलनीतल्या पोरांनी सायकली टेकवल्या असणार, मेले." तेही म्हणायचे, "हो, असणार." असं वर्ष गेलं. रोज सकाळी ते भाजीला निघाले की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. गाडी घरातून गेली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. विकू म्हटलं तर ते ऐकणार नाहीत. पण लाडक्या भाचीला द्यायची म्हटल्यावर नाही म्हणणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

भाची म्हणजे वर्षा, त्यांच्या बहिणीची मुलगी. जऊळक्याला राहते आणि जवळच्याच आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. वाडीवस्तीवरून अडलेल्या बायकांना दवाखान्यात न्यायला तिला एक छोटी गाडी हवीच होती. पण दिवाळीला नाशिकला आली तेव्हा आमच्या गाडीत बसून म्हणाली, "मामी, इंजिन ठकठक करून राह्यलं. पोटुशी बाई मागं बसलेली अन् मधातच बंद पडली तं?"

तर मी गाडी गॅरेजात नेली. तिथला माणूस म्हणाला, "काकू, इंजिन खोलावं लागेल. नाहीतर सोपं सांगतो. सगळ्यात जाड तेल टाकू, वर तेल घट्ट करायच्या औषधाचा एक डबा ओतू. आवाज बसेल."

"दुखणं बरं होईल का पण?"

"आवाज बसेल म्हटलं ना."

मी शाळेत पंचवीस वर्षं शिवण शिकवलं. शिलाई मशीनला कोणतं तेल घालायचं आणि कोणतं नाही, हे झोपेतून उठवून विचारा. चुकीच्या तेलानं मशीन गप्प होतं, पण आतून जाम होतं, हे मी शेकडो मुलींना सांगितलंय. म्हणजे मला कळत नव्हतं असं नाही. कळून म्हटलं, "टाका."

आणि काय सांगू, गाडी पार बदलली! आधी सिग्नलला उभी राहिली की गिअरचा दांडा थरथरायचा, आरशात मागचा स्कूटरवाला दोन-दोन दिसायचा. आता आरसा कसा स्थिर. ठकठक नाही, टिकटिक नाही, नुसती घुंऽऽ. मी वर्षाला फोन केला आणि सांगितलं, "दुरुस्त करून घेतली गं." एका वाक्यात काम झालं.

एकच गोष्ट माझ्या हिशेबाबाहेर गेली. ती घुंऽऽ ऐकून मोहनच गाडीवर नव्यानं भाळले. "शैला, ही द्यायची? आत्ता कुठं ही वयात आलीये," म्हणून डॅशबोर्डवरून हात फिरवायला लागले. मी दुसऱ्याच दिवशी निघायचं ठरवलं.

मेहकरच्या पुढे

पहिला दिवस जालन्यापर्यंत. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी चालवत होते आणि ते शेजारी बसून इंजिनाचं कौतुक करत होते. दुसऱ्या दिवशी मेहकर सोडलं आणि रस्ता मोकळा झाला. आमच्या नाशकाकडं शेत म्हणजे द्राक्षांचे मांडव, तारा, खांब, सगळं आखीव. इथं जमीन काळीभोर आणि लांबच लांब. सोयाबीन निघून गेलेलं, त्या जागी हरभरा बोटभर वर आलेला, मधूनच तुरीचे पट्टे. कापसाच्या पऱ्हाटीला शेवटची बोंडं. रस्त्यावर वाहन कमी. अशा रस्त्यावर कुणालाही चाक हातात घ्यावंसं वाटेल.

"दे जरा," मोहन म्हणाले. "एवढी मऊ चालतेय. शेवटची म्हणून दे."

नाही म्हणायला माझ्याकडे एकच कारण होतं, आणि ते बोलायचं नाही असं मी वर्षभर ठरवलेलं. मी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि चाक त्यांना दिलं. आजही लिहिताना हात थांबतोय.

पंधरा-वीस मिनिटं ते छान चालवत होते. शीळ वाजवत होते. मालेगाव अजून थोडं पुढं होतं, तेवढ्यात डावीकडच्या बांधावरून बकऱ्या उतरल्या. एक नाही, दोन नाही, चांगल्या पंचवीस-तीस. मला त्या केव्हाच्या दिसत होत्या. मला वाटलं, आता ब्रेक दाबतील, आता दाबतील. "अहो!" मी ओरडले आणि हँडब्रेक खेचला. गाडी तिरकी होऊन थांबली. एक करडू बॉनेटला घासून उडी मारून गेलं. त्याला काही झालं नाही, देवाची कृपा.

मागून बकऱ्यांची मालकीण आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात काठी. तिनं खिडकीत वाकून मोहनकडे पाहिलं आणि म्हणाली, "डोये फुटले काय बाप्पा तुमचे? एवढ्या बकऱ्या, दिसल्या नाईत?"

गाडीत एकदम शांतता. इंजिनसुद्धा गप्प, कारण ते बंद पडलं होतं. आणि मी, ही अशी मी, पटकन बोलून गेले, "ब्रेक सैल झालेत हो बाई, म्हणून झालं."

"मंग ब्रेक नाई त्या गाडीत बसता काहून?" असं म्हणून ती करडू उचलून निघून गेली. मोहन दार उघडून उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले, आणि मी सरकून चाकामागे बसले. मालेगावला आम्ही चहाला थांबलो. आमच्याकडे हॉटेलात आधी साधा की स्पेशल असं विचारतात. इथं बाकावर टेकलो नाही तोच दोन कप समोर आले, साखर म्हणाल तर पाकासारखी. मोहननं एका घोटात संपवला आणि म्हणाले, "ब्रेक दाखवून घ्यायला हवेत."

"हो," मी म्हटलं.

जऊळका

जऊळक्याला रेल्वेचं स्टेशन आहे. गाव त्याच्या आजूबाजूला शेती आणि किरकोळ दुकानदारीवर चाललेलं. वर्षाचं घर पत्र्याचं, पुढं स्वच्छ सारवलेलं अंगण. अंगणात गाडी थांबली तशी ती धावत बाहेर आली. इंजिन चालू होतं. ती कान देऊन उभी राहिली आणि टाळ्या वाजवून म्हणाली, "अवो मामी, हे तं बोलतच नाई! काय केलं तू हिले?"

आमच्याकडे भाच्या मामीला "तुम्ही" म्हणतात. इथं सरळ "तू", आणि त्यात काही कमीपणा नाही, उलट जवळीकच. बायका स्वतःबद्दलही "मी येतो, मी जातो" असंच बोलतात. पहिल्या दिवशी कानाला गंमत वाटते, दुसऱ्या दिवशी आपणही चुकून "मी येतो" म्हणून बसतो.

जेवायला कढी-गोळे होते. आमच्या घरी कढी म्हणजे पातळ, गोडसर, भातावर घ्यायची. इथं कढीत हरभऱ्याच्या भरड्या डाळीचे गोळे शिजवलेले, वरून लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकरी आणि ठेचा. मोहन तीन गोळ्यांवर थांबले नाहीत. जावई हरभऱ्याला पाणी द्यायला शेतावर गेलेले, त्यामुळे आम्ही तिघंच. वर्षा वाढता वाढता बोलत होती.

"मागच्या महिन्यात एका बाईले कळा सुरू झाल्या. अँब्युलन्स दुसरीकडं गेलेली. मी स्कूटीवर नेलं तिले. समोर मी, मधात ते बाई, मागं तिची सासू तिले धरून. रस्ता कसा, तू पाह्यलाच. पोचलो कसेबसे. आता मामाची गाडी आली, आता मले कायचं भेव नाई."

मी हातातला घास खाली ठेवला. पाणी प्याले. बोलावंसं वाटलं, खरंच वाटलं. पण समोर मोहन बसलेले. गाडी का द्यायची घाई होती, हे सांगितल्याशिवाय तेल का बदललं हे कसं सांगणार? मी आणखी एक गोळा वाढून घेतला.

सकाळी अंगणात थंडी मी म्हणत होती. वर्षा हौसेनं चावी घेऊन बसली. चावी फिरवली तर स्टार्टर कण्हायला लागला, ऊं... ऊं... ऊं... जड पाटा ओढल्यासारखा. चौथ्या वेळी इंजिन लागलं, पण तेलाचा लाल दिवा काही विझेना. एक, दोन, तीन... मी मनात आठपर्यंत मोजलं. मग विझला.

"लाल दिवा एवढा वेळ काहून राह्यला, मामी?"

"थंडीनं," मी म्हटलं.

वर्षानं माझ्याकडे पाहिलं. नर्स आहे ती. दुखत नाही म्हणणाऱ्या बायका ती रोज बघते. "चला, मंगरूळपीरले जाऊ," ती म्हणाली. "रशीद चाचाले दाखवू. इकडं चाचानं चावल्याबिगर कोनी जुनी गाडी घेत नाई."

"चावल्याशिवाय?"

"पाह्यच तू."

मंगरूळपीर

शेलूबाजारावरून वळलं की मंगरूळपीरचा रस्ता लागतो. गावात सरकारी कचेऱ्या, धान्याचे व्यापारी, बसस्थानक आणि दर्गा. दर्ग्याच्या वाटेवर फुलांची आणि रेवड्यांची दुकानं, अत्तरवाले. गुरुवार नव्हता तरी माणसं होती, आणि त्यांत कुंकू लावलेल्या बायकाही तेवढ्याच. वर्षानं गाडीतूनच हात जोडले. पुढच्या गल्लीत कडुलिंबाखाली एक पत्र्याची शेड, तेच चाचांचं गॅरेज. शेजारी चहाची टपरी, पलीकडे पेरूचा हातगाडा.

रशीद चाचा सत्तरीचे असतील. पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, अंगात तेलकट बंडी. तरुणपणी सरकी काढायच्या जिनिंगमध्ये यंत्रावर होते, त्या आवाजानं कान गेले. उजवा पूर्ण, डावा थोडा उरलेला. वर्षानं त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, "चाचा! मामाची गाडी! मी घेऊन राह्यलो!"

त्यांनी मान हलवली. गाडी सुरू करायला लावली. मग भिंतीवरून हातभर लांबीचा पेचकस काढला. आपण स्क्रू ड्रायव्हर म्हणतो तोच, लाकडी मुठीचा. मूठ धुतलेल्या फडक्यानं पुसली, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ चक्क दातात धरली. डोळे मिटले. कानानं ऐकू येत नाही म्हणून ते हाडानं ऐकत होते. टोक एका जागेवरून उचलायचं, दुसरीकडे टेकवायचं, परत मिटायचे डोळे. वर्षाला हातानं खूण केली, तिनं ॲक्सिलरेटर दाबला. चाचांच्या कपाळाला आठी पडली.

मग त्यांनी तेल मोजायची पट्टी उपसली. तेल दोन बोटांत घेऊन बोटं हळूच लांब केली. मधे तार आली. गुलाबजामचा पाक करणाऱ्या बाईला ती तार ओळखायला सांगावं लागत नाही.

"तेल कोनं टाकलं?" त्यांनी विचारलं. ऐकू न येणाऱ्या माणसासारखंच त्यांचं बोलणं, सगळ्या गल्लीला ऐकू जाणारं.

"सर्व्हिसिंग केलंय," मोहननं ओरडून सांगितलं. "नेहमीचंच तेल!"

"नेहमीचं? हा तं पाक हाये!"

मोहन माझ्याकडे बघायला लागले. मी घाईघाईनं चाचांजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "चाचा, आपण नंतर बोलू."

"आँ?"

मी ओठांवर बोट ठेवलं, हातानं खुणावलं. ते म्हणाले, "बाई, इशारे नोका करू, मले समजत नाई." मी पर्समधून पेन काढलं, बिलाच्या पाठीवर दोन शब्द लिहून दाखवले. त्यांनी कागद परत दिला. "मले वाचता येत नाई. जोरानं बोला. डाव्या कानात."

"मामी, काय म्हनून राह्यली तू?" वर्षा पुढं आली. "मले सांग, मी सांगतो त्यायले."

आता गंमत बघा. जन्मभर मी सगळं हळू आवाजात निभावून नेलं. कुजबुजीत, स्वयंपाकघरात, फोनवर हात ठेवून. आणि इथं असा माणूस भेटला की ज्याच्यासमोर कुजबुज चालतच नाही. वर्षाच्या तोंडात आणखी एक खोटं घालायचं आणि तिला ते ओरडायला लावायचं, की स्वतः ओरडायचं? मी चाचांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले.

"मीच टाकायला लावलं! जाड तेल! आवाज लपवायला!"

"कोनापासून?"

"हिच्यापासून!" मी वर्षाकडे बोट केलं. टपरीवरचा माणूस किटली हातात धरून थांबला. पेरूवाल्याचा तराजू अधांतरी राहिला.

"काहून?" चाचा म्हणाले.

या प्रश्नाचं उत्तर मला ओरडता येईना. माझे डोळे भरून आले. "ते नाही सांगता येत!" एवढंच ओरडले.

चाचांनी फार विचारलं नाही. गाडीखाली शिरले आणि बूच काढलं. तेल इतकं जाड की धार पडायच्या ऐवजी लोंबत राहिलं. काम करता करता खालूनच बोलत होते, "दर्द दबला, मर्ज तं तसाच हाये. जाड तेल मधात गादीवानी बसते, हाडाले हाड लागून राह्यलं ते कळत नाई. गाडी मऊ चालते, मानूस खुश. पन सकाळी थंडीत ते वर चढतच नाई. तेवढा वेळ इंजिन कोरडं घासते. रोज थोडं थोडं. आवाज येत नाई म्हनून कोनी थांबत नाई, अन् एका दिवशी जागेवर जाम."

वर्षा माझ्याजवळ आली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मामी, माझ्या गाडीत पोटुशी बाया बसनार होत्या. तुले ठाऊक होतं ना?"

"हो गं," मी म्हटलं. "चुकले मी. फार चुकले."

चाचांनी त्या इंजिनाला नेमाचं, पातळ तेल भरलं. गाडी सुरू केली. टिकटिकटिक, आणि ॲक्सिलरेटर दाबला की खालून ठक, ठक, ठक. गिअरचा दांडा परत थरथरायला लागला. "आता खरं बोलली," चाचा म्हणाले. त्यांनी पेचकसाची मूठ पुसून वर्षाच्या हातात दिली आणि तिलाही दातात धरायला लावली. वरच्या बाजूची टिकटिक म्हातारपणाची, ती चालू द्यायची. खालची ठकठक बेअरिंगची, ती ऐकू आली की गाडी पुढं न्यायची नाही. सामान अकोल्याहून येईल, आठ दिवस लागतील, मग गाडी बिनधास्त घे म्हणाले. वर्षानं ऐकलं. मग मोहननं पेचकस मागून घेतला आणि मूठ दातात धरून डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होते. कशाचं काय ऐकत होते, देव जाणे.

पेचकस परत देऊन ते चाचांच्या कानाशी गेले. "ब्रेक पण बघा! हिचं म्हणणं, सैल झालेत! काल बकऱ्यांवर गेली असती गाडी!"

चाचांनी गाडी शेडमधून काढली, समोरच्या मोकळ्या जागेत दोन चकरा मारल्या, वेगात येऊन ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, सरळ रेषेत उभी. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तसंच. उतरून आले आणि हात झटकत म्हणाले, "ब्रेक तं एकदम टकाटक हाये. मंग बकऱ्या कायले दिसल्या नाईत? कोन चालवत होतं?"

ऊन डोळ्यावर होतं. रस्त्याला वळण होतं. बकऱ्या एकदम आल्या. तीन सबबी माझ्या जिभेवर तयार होत्या, आपोआप. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मोहननं चाचांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं.

"मी चालवत होतो! त्या डावीकडून आल्या! मला डावीकडचं दिसत नाही!"

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली! डोळा गेलाय! हिला माहीत नाही!"

मी धावत दुसऱ्या बाजूनं गेले. पण तो कान बहिरा, म्हणून मोहनच्या खांद्यावरून वाकून त्याच डाव्या कानात ओरडले, "मला माहीत आहे! वर्षभर माहीत आहे! म्हणून तर गाडी द्यायची होती!"

चाचांचं डोकं आम्हा दोघांच्या मधे. त्यांनी फडक्यानं कान पुसला आणि म्हणाले, "अरे बाप्पा, मी बहिराच हावो. तुमी दोघं एकमेकायले ऐकू येता ना? मंग मले काहून सांगता?"

टपरीवरचा माणूस हसला, पेरूवाला हसला, वर्षा रडता रडता हसली. मोहन मात्र माझ्याकडे बघत होते, मान थोडी डावीकडं वळवून, म्हणजे उजव्या डोळ्यात मी नीट मावावी अशी. ही मान वर्षभर मी बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते.

"वर्षभर?" ते म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत.

"शर्टाच्या खिशात कागद होता."

"म्हणजे त्या सायकली, ती पोरं..."

"कुणी नव्हतं. तुम्हीच घासून आणायचात."

"मला वाटायचं, बरं झालं, हिला कळत नाही." ते लाकडी बाकावर बसले. "काल ती बाई बोलली ना, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. म्हटलं, चला, झालं एकदाचं. आणि तू लगेच ब्रेकचं काढलंस. मग मी तरी काय बोलणार?"

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! मला वाटायचं मी त्यांना जपतेय. ते बिचारे दार उघडायला जायचे आणि मी पुढं होऊन कडी घालायची. टपरीवाल्यानं न विचारता तीन चहा आणून ठेवले. मोहननं माझा कप माझ्या हातात दिला.

वर्षा म्हणाली, "गाडी घेतो मी. आठ दिवसांनी येऊन घेऊन जातो. आता तिची ठकठक मले ऐकू येते, म्हनून घेतो. पन मामी, याच्यानंतर मले फोनवर काई सांगशीन तं जोरानं सांगजो." मग मोहनच्या समोर उकिडवी बसून नर्ससारखी म्हणाली, "अन् मामा, उजव्या डोळ्यात थेंब रोज टाकून राह्यले का तुमी? खरं सांगा."

"कधी कधी," मोहन म्हणाले.

"कधी कधी नाई. रोज. मामी टाकन."

"टाकेन," मी म्हटलं.

गाडी कडुलिंबाखाली बॉनेट उघडी ठेवून उभी राहिली. मोहननं जाताना तिच्या टपावर एक थाप मारली आणि चावी चाचांच्या तळहातावर ठेवली. चाचांनी ती खुंटीला अडकवली, जिथं आणखी दहा-बारा चाव्या लटकत होत्या.

वर्षाला दुपारी उपकेंद्रात हजर व्हायचं होतं, ती जऊळक्याच्या जीपनं गेली. जाताना तिनं मला मिठी मारली, जरा जास्तच घट्ट. आम्ही दोघं बसस्थानकावर आलो. ऊन चढलं होतं, बायका पिशव्या सांभाळत बाकांवर बसलेल्या, भोंग्यातून कुठल्यातरी गाडीची सूचना होत होती, ती नेहमीप्रमाणे कळत नव्हती. एक लाल बस धूळ उडवत आत शिरली आणि समोर उभी राहिली. माणसं उठली.

मोहनही उठले. बसकडे बघत एक क्षण थांबले. मग मला म्हणाले, "शैला, पाटी वाच गं. मला दिसत नाहीये."

"अकोला," मी म्हटलं, आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले.